व्यायामाची खोली परत उघडा: आमच्या फिजिओथेरपी केंद्राच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व विश्वस्त,
धर्मादाय फिजिओथेरपी केंद्र, लष्कर, ग्वाल्हेर

सप्रेम नमस्कार.

केंद्राचं नाव मी वर लिहिलेलं नाही. पत्र कुणाला आहे हे तुम्हाला कळेल, रोज तिथे येणाऱ्यांनाही कळेल. बाकीच्यांना नाव कळून उपयोग नाही. संस्थेची बदनामी व्हावी असं माझ्या मनात नाही, तिथला एक निर्णय मागे घेतला जावा एवढंच मनात आहे. कार्यालयात दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

गेल्या महिन्याच्या एक तारखेला दारावर सूचना लागली. पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट यापुढे नसतील. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दोन-दोन तास कुणीतरी येईल. व्यायामाची खोली बंद करून तिथे दुखण्यावर लावायच्या विजेच्या मशीनसाठी चार केबिन होतील. रोजचे ६० रुपये रोज भरायची सोय बंद. दहा सिटिंगचं पॅकेज, १,२०० रुपये, एकदम आगाऊ. मशीन मदतनीस लावतील.

सूचना वाचून मी आत गेलो. खांद्याच्या व्यायामाची दोरी-कप्पी भिंतीवरून उतरवून कोपऱ्यात टाकली होती. तिच्या हुकाची दोन भोकं सिमेंटनं बुजवली होती आणि सिमेंट अजून ओलं होतं. त्या दोरीच्या मुठी हाताच्या घामानं काळ्या पडल्या आहेत, तुम्ही पाहिल्या असतील. कितीतरी जणांचे आखडलेले खांदे त्या दोरीनं वर उचलले आहेत. मी तिथे उभा राहिलो आणि मला फार वाईट वाटलं.

माझा या केंद्राशी काय संबंध, ते सांगतो. मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवला. म्हणजे ३१ वर्षं वर्कशॉपच्या सिमेंटच्या फरशीवर उभा राहिलो. निवृत्त झालो तेव्हा दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली होती, डाव्याची जास्त. आमचं घर जुनं, दगडी जिन्याचं, एकेक पायरी फूटभर उंच. निवृत्तीनंतरचा पहिलाच हिवाळा. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी काय असते ते तुम्हाला सांगायला नको; दहा-दहा वाजेपर्यंत धुकं, आणि दगडी घर आतून ओलसर गार. त्या महिन्यात मी सकाळी जिना बसून उतरत होतो. एका पायरीवर बसायचं, पाय खाली सोडायचे, पुढच्या पायरीवर सरकायचं. एके दिवशी नातू माझ्या शेजारी बसला आणि तसाच सरकत खाली आला. त्याला तो खेळ वाटला. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तेव्हा मी तुमच्या केंद्रात आलो. त्या वेळच्या मॅडमनी पहिल्या दिवशी मशीनला हातसुद्धा लावला नाही. मला चालायला लावलं. खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, जमलं नाही. मग झोपवून गुडघ्याची वाटी दोन बोटांत धरली आणि इकडे-तिकडे सरकवून पाहिली. शिंप्यासारखी टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. डावी मांडी दोन सेंटिमीटर बारीक निघाली. त्या म्हणाल्या, "काका, दुखतं म्हणून तुम्ही पाय कमी वापरता. कमी वापरता म्हणून मांडी सुकते. मांडी सुकली की सगळा भार गुडघ्यावर येतो, आणि मग तो आणखी दुखतो. मशीन आपण लावू, पण ते कशासाठी लावतोय ते आधी ऐका. त्यानं तुमचं दुखणं थोडा वेळ शांत होईल. त्या वेळात पाय कामाला लावायचा."

पुढचे तीन महिने तसंच झालं. पंधरा मिनिटं मशीन, मग लगेच व्यायामाची खोली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलायचा. लाकडी ठोकळ्यावर चढ-उतार, आधी चार इंचांचा, मग सहाचा. खुर्चीतून उठ-बस. पहिले दोन आठवडे मला वाटायचं, यानं दुखणं वाढतंय. मॅडम म्हणायच्या, थोडं वाढेल, घाबरू नका, दुसऱ्या दिवशीपर्यंत उरलं तर मला सांगा. एप्रिल उजाडला तेव्हा मी पाटणकर बाजारातून भाजीच्या दोन पिशव्या घेऊन पायी घरी आलो आणि जिना चढून वर गेलो. त्या वर्षी गणपतीत आरतीला पूर्ण वेळ उभा होतो. हे या केंद्रानं मला दिलं आहे, आणि म्हणूनच आज गप्प बसणं मला जमत नाही.

मशीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. विजेवर माझं पोट भरलं आहे, त्यामुळे ते कसं चालतं हे मी त्याच वेळी मॅडमकडून नीट समजून घेतलं होतं. आपल्याकडे ज्याला नुसतं 'करंट' म्हणतात ते बहुतेक वेळा आयएफटी असतं, इंटरफेरेन्शियल थेरपी. चार पॅड, दोन वेगळी सर्किटं, एकमेकांना फुलीसारखी छेदणारी. एका सर्किटमध्ये सेकंदाला ४,००० आवर्तनं, दुसऱ्यात समजा ४,१००. इतकी जास्त का, तर कातडी कपॅसिटरसारखी वागते. वारंवारिता वाढली की तिचा अडथळा कमी होतो आणि करंट न टोचता आत जातो. आत जिथे दोन्ही एकमेकांत मिसळतात तिथे त्यांच्यातल्या फरकाचा, म्हणजे सेकंदाला १०० असा हेलकावा तयार होतो, आणि नसांना तो जाणवतो. ग्वाल्हेरच्या माणसाला हे समजवायला लांब जावं लागत नाही. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारांत केसाएवढा फरक राहिला की आवाज हेलकावे घेऊ लागतो. गवई तो हेलकावा ऐकून खुंटी पिळतो. इथे आपण तो फरक मुद्दाम ठेवतो आणि कामाला लावतो.

टेन्सचं छोटं मशीन याहून साधं, बॅटरीवरचं. त्यातही कल्पना तीच. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी मांडलं की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातल्या एका दारातून जातो, आणि स्पर्शाच्या जाड नसा जाग्या केल्या की ते दार काही प्रमाणात लोटलं जातं. कोपर दाराला आपटलं की आपण आपोआप चोळतो, ते यामुळेच. मशीनच्या झिणझिण्या म्हणजे विजेनं केलेलं ते चोळणं. शिवाय सावकाश ठोके दिले तर शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं, असंही पुढे दिसून आलं.

पण यातलं काहीही झिजलेली कूर्चा भरून काढत नाही. सुकलेली मांडी जाड करत नाही. आखडलेला खांदा मोकळा करत नाही. दार लोटलं जातं आणि काही वेळानं पुन्हा उघडतं. टेन्स लावलेलं असताना आणि काढल्यावर लगेच दुखणं कमी वाटतं, असं बऱ्याच चाचण्यांत आढळलं आहे. तो आराम महिनोन्‌महिने टिकतो याचा पुरावा मात्र दुबळा आहे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणारी नाइस नावाची संस्था आहे. तिनं २०१६ साली कंबरदुखीसाठी आणि २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं मशीन) हे उपचार देऊ नयेत असंच म्हटलं आहे, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. आणि त्याच २०२२च्या सूचनांत झिजेच्या प्रत्येक रुग्णाला व्यायाम द्यावा, वजन जास्त असेल तर ते कमी करायला मदत करावी, असं स्पष्ट लिहिलं आहे.

मी स्वतः एवढा कडक नाही. मशीनच्या पंधरा मिनिटांमुळेच मला पुढचा अर्धा तास पाय हलवायचा धीर यायचा, हे मी अनुभवलं आहे. ज्याला वेदनेनं हात वर होत नाही त्याला आधी थोडा आराम देऊन मग हात वर न्यायला लावणं, यात शहाणपण आहे. पण तुम्ही तर उलट केलंत. ज्याचा पुरावा भक्कम ती खोली बंद केलीत, आणि ज्याचा पुरावा दुबळा त्याच्या चार केबिन वाढवल्यात.

आता माझ्या पत्नीचं सांगतो. ते लिहिताना शब्द जपून वापरतो आहे.

तिला १८ वर्षं मधुमेह आहे. गुडघे दुखतात, घोटे दुखतात, आणि तळपायांना मुंग्या येतात. नवी पद्धत सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात तिचं चौथं सिटिंग होतं. मदतनीस मुलगा स्वभावानं फार चांगला आहे, सगळ्यांना माताजी म्हणून हाताला धरून बसवतो. त्यानं घोट्याला पॅड बांधले, नॉब फिरवली आणि विचारलं, "माताजी, लग रहा है?" तिला काही जाणवत नव्हतं. त्यानं वाढवलं. "अब?" अजून नाही. आणखी वाढवलं. मग तो शेजारच्या केबिनमध्ये दुसऱ्या रुग्णाकडे गेला, कारण चार केबिनना तो एकटाच आहे.

घरी आल्यावर मोजा काढला तेव्हा बाहेरच्या घोट्यावर रुपयाएवढा फोड होता. तिला तोपर्यंत पत्ताच नव्हता. ती जखम भरायला पाच आठवडे लागले. मधुमेही पायाची जखम म्हणजे काय असते हे ज्याच्या घरी मधुमेह आहे त्याला विचारा. ते पाच आठवडे मी रोज रात्री टॉर्च लावून तिचा पाय पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात जाऊन ते पॅड मागितले. रबराच्या पॅडखालचा स्पंज एका बाजूनं ओला आणि दुसऱ्या बाजूनं कोरडा, कडक झालेला. रबर एका कोपऱ्यात तडकलेलं. मी आयटीआयच्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवत असे की ढिली जोडणी तापते, कारण सगळा करंट चार तारांऐवजी एका तारेतून जायला लागतो. इथेही तेच झालं. स्पंज जिथे ओला तेवढ्याच ठिपक्यातून सगळा करंट गेला. आणि तो ठिपका ज्या कातडीवर होता ती कातडी बधिर होती, त्यामुळे 'पुरे' म्हणणारं कुणी नव्हतं.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही की रुग्णाला 'जाणवत नाही' याचे दोन अर्थ होतात. एक, करंट कमी आहे. दुसरा, नस मेली आहे. हा फरक ओळखायची चाचणी दोन मिनिटांची आहे. कापसाचा बोळा फिरवायचा, टाचणीचं टोक आणि बोथट बाजू आलटून-पालटून लावायची. शेक द्यायचा असेल तर एका परीक्षानळीत गरम आणि एकीत गार पाणी घेऊन डोळे मिटलेल्या रुग्णाला विचारायचं, कुठलं गरम? आमच्या जुन्या मॅडम हे प्रत्येकाचं करायच्या. माझंही केलं होतं आणि मला तेव्हा तो वेळ वाया जातोय असं वाटलं होतं.

या एका फोडावरून मी सगळं केंद्र वाईट ठरवत नाही. पण त्यानंतर मी तिथे बसून नीट पाहायला लागलो, आणि जे दिसलं ते तुमच्या कानावर घालणं माझं काम आहे.

नवीन रुग्ण आला की त्याचं नाव, वय आणि 'कहाँ दर्द है' एवढंच लिहिलं जातं. पेसमेकर आहे का, हे विचारलं जात नाही. बाई गरोदर आहे का, हे विचारलं जात नाही. कुठे कॅन्सर होता का, पायात रक्ताची गुठळी आहे का, हाडात सळई किंवा पट्टी बसवली आहे का, यातलं काहीच नाही. यातल्या काही गोष्टी असताना काही मशीन लावायची नाहीत हे फिजिओथेरपीच्या पहिल्या धड्यांत असतं. एक गृहस्थ शर्टाच्या आत पेसमेकर घेऊन डायथर्मीच्या शेजारच्या केबिनमध्ये बसले होते. त्यांना मीच उठवून बाहेर आणलं. डायथर्मी म्हणजे शॉर्टवेव्ह लहरींनी आतून शेक देणारं मशीन, २७.१२ मेगाहर्ट्झचा एक रेडिओ ट्रान्समीटरच तो. त्याच्या लहरी केबिनच्या पडद्याला विचारून थांबत नाहीत.

त्याच डायथर्मीखाली जी खाट आहे ती लोखंडी आहे. आधी लाकडी होती. जागा बदलताना लाकडी खाट बाहेर गेली आणि लोखंडी आत आली, कुणाच्या लक्षात आलं नसेल. पण शॉर्टवेव्हच्या जवळ धातू ठेवायचा नाही, हा साधा नियम आहे. धातूपाशी ते क्षेत्र एकवटतं आणि तिथे भाजू शकतं. घड्याळ, बांगड्या, साडीच्या पिना, ऐकायचं यंत्र, सगळं काढून ठेवायचं असतं. घाम आला तर टॉवेलनं टिपायचा असतो, कारण ओल्या जागेवरही उष्णता साठते. आणि आता आयएफटीची मशीन डायथर्मीपासून हातभर अंतरावर आली आहेत. चालू डायथर्मीजवळ दुसऱ्या मशीनचा करंट मध्येच उसळू शकतो, म्हणून त्यांच्यात काही मीटर अंतर ठेवतात. चार केबिन कोंबताना हे अंतर गेलं.

अल्ट्रासाउंडचं डोकं जेल लावून सतत फिरवत ठेवायचं असतं. एका जागी धरलं तर आत हाडापाशी तापतं. खोल जागेसाठी १ मेगाहर्ट्झ, वरवरच्या जागेसाठी ३. केंद्रात सगळ्यांना एकच आकडा लावला जातो, जो मशीन सुरू केल्यावर आपोआप येतो. मानेचं दुखणं, टाचेचं दुखणं, तोच आकडा, तीच आठ मिनिटं.

आणि पॅकेज. माझ्या ओळखीच्या एक बाई नया बाजारात फॉल-पिकोचं काम करतात. दिवसाचे नऊ तास मान खाली. त्यांनी १,२०० रुपये भरले, दहा दिवस मानेला मशीन लावून घेतलं. रोज दोन तास बरं वाटायचं, मग परत शिलाई मशीनवर बसल्या की होतं तसंच. अकराव्या दिवशी त्यांना सांगितलं गेलं की अजून एक पॅकेज घ्या. त्यांचं शिलाई मशीन किती उंच आहे, खुर्चीला पाठ आहे का, उजेड कुठून येतो, हे दहा दिवसांत कुणी विचारलं नाही. मी त्यांच्या दुकानात गेलो तर त्या बिनपाठीच्या स्टुलावर बसतात आणि सुई दिसावी म्हणून वाकतात, कारण दिवा पाठीमागे आहे. हनुवटी मागे खेचायचा साधा व्यायाम त्यांना कुणी शिकवलेला नव्हता. १,२०० रुपये म्हणजे त्यांची कित्येक दिवसांची कमाई आहे.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. पूर्णवेळ फिजिओथेरपिस्टचा पगार दरमहा द्यावा लागतो. मशीन एकदाच घ्यावं लागतं, त्यासाठी देणगीदार मिळतो, आणि त्यावर त्याच्या आई-वडिलांच्या नावाची पट्टी लावता येते. पगारावर पट्टी लावता येत नाही. गर्दीही वाढली आहे, रांग जिन्यापर्यंत जाते. शिवाय आम्ही रुग्णच मशीन मागतो, हेही खरं. व्यायाम म्हटलं की आम्ही कंटाळतो. पडून राहायचं, पाठीला झिणझिण्या घ्यायच्या, काहीतरी उपचार झाल्यासारखं वाटतं. केबिनला पडदे आल्यामुळे बायकांना मोकळं वाटतं, ही तुमची चांगली गोष्ट आहे आणि ती राहू द्या. पण आम्ही मागतो ते देणं आणि आम्हाला लागतं ते देणं यांत फरक करायला तर फिजिओथेरपिस्ट असतो. चार वर्षांहून जास्त शिकून, त्यात इंटर्नशिप करून तो हेच शिकतो. २०२१ साली संसदेनं अलाइड अँड हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात फिजिओथेरपी हा नोंदणीचा व्यवसाय म्हणून आला. ज्या कामाला देशानं कायद्यात जागा दिली, ते काम आपल्याच समाजाच्या केंद्रात नॉब फिरवणाऱ्या न शिकलेल्या मुलावर सोपवावं, हे मला पटत नाही.

म्हणून माझी मागणी अशी.

पूर्णवेळ फिजिओथेरपिस्ट परत नेमा. ते लगेच शक्य नसेल तर निदान पहिल्या दिवशीची तपासणी आणि दर चौथ्या सिटिंगला फेरतपासणी पात्र माणसाच्या हातूनच व्हावी, आणि त्यांनी पाहिल्याशिवाय एकाही नव्या रुग्णाला मशीन लावू नये. रांग लागली तर लागू द्या. आम्ही थांबू.

व्यायामाची खोली परत उघडा. चारपैकी दोन केबिन काढल्या तरी जागा होते, मी मापं घेतली आहेत. दोरी-कप्पी, शोल्डर व्हील, समांतर बार, लाकडी ठोकळे सगळं माळ्यावर आहे. विकून टाकू नका.

आगाऊ पैशांचं पॅकेज बंद करा. ज्याला तीन-चार वेळा मशीन लावून काहीच फरक नाही, त्याला दहाव्यापर्यंत नेण्यात त्याचा काय फायदा? ज्यांनी पैसे भरले आहेत आणि ज्यांना थांबायचं आहे त्यांना उरलेले परत द्या.

हिंदी आणि मराठीत एक पानाचा प्रश्नांचा कागद करा: पेसमेकर, गरोदरपण, कॅन्सर, गुठळी, धातू, मधुमेह, बधिरता. प्रत्येकाचा भरून घ्या, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. बधिरपणाची चाचणी सगळ्यांची करा, मधुमेह्यांची दर वेळी करा.

डायथर्मी लाकडी खाटेवर आणि बाकी मशीनपासून दूर, वेगळ्या खोलीत न्या. स्पंज रोज तपासा, तडकलेलं रबर फेकून द्या. प्रत्येक मशीनची तपासणी कधी झाली ते मशीनवरच तारखेनिशी लिहा. माझ्या पाहण्यात तीनपैकी एका मशीनच्या प्लगला अर्थिंगची पिनच नव्हती. ती मी त्या दिवशी पत्र देऊन कळवली आहे.

आणि रुग्णाला खरं सांगा. मशीन काय करतं, किती वेळ करतं, काय करत नाही. आम्ही अडाणी नाही, आम्हाला समजतं.

पैशाचा प्रश्न खरा आहे, म्हणून नुसतं मागून मी बाजूला होत नाही. माझ्या पेन्शनमधून दरमहा १,००० रुपये फिजिओथेरपिस्टच्या पगारासाठी द्यायला मी तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी सात जण तयार झाले आहेत. त्यांच्या सह्यांचा कागद या पत्रासोबत कार्यालयात देतो आहे. मशीनचं अर्थिंग, वायरिंग, प्लग, पॅड यांची महिन्यातून दोनदा तपासणी मी फुकट करीन आणि वहीत लिहून ठेवीन. मशीनमधून करंट किंवा लहरी बरोबर मापात निघतात की नाही हे तपासायला कंपनीचा माणूसच लागतो, ते माझं काम नाही.

मंडळाची बैठक येत्या रविवारी सकाळी साडेदहाला आहे असं कळलं. मला दहा मिनिटं द्यावीत. मी प्लगचे आणि पॅडचे फोटो घेऊन येईन. पत्नीही येणार म्हणते. मी म्हटलं, जिना आहे, तू कशाला. ती म्हणाली, घोट्यावरचा डाग फोटोत नीट येत नाही.

कळावे,

आपल्याच केंद्रात चालायला शिकलेला,
एक निवृत्त आयटीआय शिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर